न्यूमोनिया फुफ्फुसांचा, मग सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढून किडनी का बिघडली?

होतं असं, विशेषतः १९७६ च्या फिलाडेल्फियातल्या साथीनंतर ओळख पटलेल्या लिजिओनेला जंतूमुळे. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीच्या सूक्ष्म नलिकांना इजा करतं. शरीरात पाणी कमी, बीपी घसरलेलं, त्याची भर पडते. लघवी कोऱ्या चहासारखी होते. चकवा असा की लघवी तपासायच्या पट्टीवर ‘रक्त’ दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी मात्र जवळपास नसतात.

उपचार म्हणजे सलाइन, योग्य अँटिबायोटिक आणि पोटॅशियमवर नजर. काहींना डायलिसिस लागतं, पण बऱ्याच जणांची किडनी सावरते. रुग्ण कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर काही स्टॅटिन स्नायूंना आणखी त्रास देतात.