बायकांना लोकल आधी सुरू झाली, मग तक्रार कसली?

प्रश्न : ताई, लॉकडाऊनमध्ये लोकल सगळ्यांनाच बंद होती, उलट बायकांना आमच्याआधी परवानगी मिळाली. तरी घरकामवाल्या बायकांचेच जास्त हाल झाले असं का म्हणतात?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दादा, आधी मिळाली हे खरंय, २१ ऑक्टोबर २०२० पासून. पण टायमिंग बघितलंत का? सकाळी ११ ते दुपारी ३ आणि मग संध्याकाळी ७ नंतर. आता नालासोपाऱ्याला राहणारी धुणीभांडीवाली बघा, बोरिवली-अंधेरीला तिचं पहिलं घर सकाळी साडेसातचं, ते हातचं गेलंच, आणि अकराची गाडी धरून बारापर्यंत पोचली तरी तीनच्या आत परत फिरायचं म्हणजे जेमतेम दोन घरं, नाहीतर सातपर्यंत कुठेतरी बसून राहायचं, घरी पोरं एकटी.

त्याआधी तर काहीच नव्हतं. १५ जूनला लोकल परत धावली ती अत्यावश्यक सेवेसाठी, त्यात नर्स होत्या, पालिकेचे लोक होते, ही नव्हती. (भांडी मात्र रोज घरोघरी पडतच होती!) मग एसटी नाहीतर शेअर रिक्षा. एसटीचा भरवसा काय तर २२ जुलैला नालासोपाऱ्यात गाड्या रद्द झाल्या म्हणून चिडलेले प्रवासी थेट रुळांवर उतरले होते. आणि पासाचे महिन्याचे पैसे रिक्षात थोड्याच दिवसांत उडायचे, म्हणून कित्येकींनी लांबची कामं सोडूनच दिली, त्यात घरात कमावती ती एकटीच असेल तर विचारूच नका.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सकाळी सातपर्यंतची गाडी सगळ्यांना खुली झाली, तेव्हा कुठे पहिलं घर गाठता यायला लागलं, तर एप्रिलात परत बंद. मग १५ ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना परवानगी, तीही दुसऱ्या डोसनंतर १४ दिवसांनी. कोविशील्डच्या दोन डोसांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर, म्हणजे पहिलाच डोस उशिरा मिळाला की तीन महिने गेले. स्लॉट मोबाईलवर, आणि घरातला एकुलता एक स्मार्टफोन पोराच्या ऑनलाइन शाळेत.

मदत मिळाली की, म्हणाल. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने घरेलू कामगारांना १५०० रुपये जाहीर केले, पण नोंदणी असलेल्यांना. तुमच्याकडे जी येते तिची नोंदणी आहे का, माहितीये तुम्हाला?