मंगळ-बुध-गुरूचं सोम-बुध-शुक्र केलं, आता?

प्रश्न : ताई नमस्कार, मी इंग्लंडमध्ये स्लाउला राहते, एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे. २०२१ मध्ये फुल टाइम लागले, मग मुलगी झाली आणि मॅटर्निटी संपल्यावर २०२३ पासून आठवड्याचे तीन दिवस करते, मंगळ-बुध-गुरू. तेव्हाच्या मॅनेजरशी हे ईमेलवर ठरलं होतं, वेगळ्या कागदावर सही वगैरे काही नाही. आता नवीन मॅनेजर आलाय, त्याने शुक्रवारी संध्याकाळी पाचला मेल टाकला की पुढच्या महिन्यापासून सोम-बुध-शुक्र यायचं, बिझनेस नीड आहे. नर्सरीत सोमवारी जागाच नाही, सासूबाई पुण्याला परत गेल्यात. मिस्टर म्हणतात कशाला पंगा घेतेस, हो म्हणून टाक. मी डिपेंडंट व्हिसावर आहे त्यामुळे अजूनच भीती वाटते. असं करता येतं का त्यांना?

उत्तर : शुक्रवारी संध्याकाळी पाचचा मेल! म्हणजे तो लॅपटॉप बंद करून मोकळा आणि तुमचा शनिवार-रविवार गेला.

आधी मिस्टरांना सांगा की हो म्हणायचं नाही. आणि गप्पही बसायचं नाही, कारण गप्प बसणं जास्त महागात पडतं. बऱ्याच जणी काय करतात, मनातल्या मनात चरफडत नवीन दिवसांना जायला लागतात, दोन-चार महिने तसेच जातात आणि मग विचारायला येतात, तोवर कंपनी म्हणते की अहो तुम्ही तर काम करताय, म्हणजे मान्यच होतं की. आणि कायदाही बऱ्याचदा तसंच धरून चालतो.

आता मुद्दा असा की तुमचे दिवस हा कॉन्ट्रॅक्टचा भाग आहे का. एप्रिल २०२० नंतर नोकरीला लागलेल्यांना पहिल्याच दिवशी जो लेखी कागद द्यावा लागतो त्यात आठवड्यातले कुठले वार काम करायचं आणि ते बदलू शकतात का, बदलले तर कसे, हे लिहायचं असतं. तुमचा २०२१ चा कागद काढा. त्यात सोमवार ते शुक्रवार असणार, ठीक आहे, पण त्यानंतर २०२३ ला ईमेलवर तीन दिवस ठरले ना, तो मेल म्हणजेच झालेला करार. सही नाही म्हणून तो हवेत जात नाही. तुम्ही मागितलं, त्यांनी मान्य केलं, तुम्ही तसं काम केलं, त्यांनी तसा पगार दिला. त्या मेलमध्ये 'ट्रायल' किंवा 'सध्यापुरतं' असा शब्द नसेल तर तो बदल कायमचाच धरतात. तो मेल शोधून प्रिंट काढून घरी ठेवा, आजच.

दुसरं, मूळ कागदात 'कंपनी गरजेनुसार दिवस बदलू शकते' अशा अर्थाचं वाक्य आहे का बघा, त्याला फ्लेक्सिबिलिटी क्लॉज म्हणतात. असलं तर तुमची बाजू थोडी लंगडी होते, पण म्हणून काहीही चालत नाही, तो क्लॉज रीतसर नोटीस देऊन, नीट विचार करूनच वापरावा लागतो. नसेल तर तुमच्या संमतीशिवाय दिवस बदलणं हा सरळ करारभंग.

आता मॅनेजरच्या लक्षात न आलेली (किंवा आलेली!) एक गंमत सांगते. इंग्लंडमध्ये वर्षाला आठ बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, त्यातले गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, मे महिन्याचे दोन सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार, हे पाच कायम सोमवार नाहीतर शुक्रवारीच. तीन दिवसवाल्यांची कायद्याने किमान रजा ५.६ आठवडे म्हणजे १६.८ दिवस. मंगळ-बुध-गुरूला हे पाच तुमच्या वाट्याला येतच नव्हते. सोम-बुध-शुक्र झालं की पाचही तुमच्या दिवशी, आणि ऑफिस बंद म्हणून ते तुमच्या रजेतून कापले तर राहिले ११.८, त्यात ख्रिसमस आहेच. मुलगी आजारी पडली, पुण्याला जायचंय, सगळं त्यातच बसवा. हा हिशोब त्यांच्यासमोर मांडा, निदान कंपनीने त्यावर काय ते लेखी द्यावं.

आणि मूल सांभाळण्याचा मुद्दा तर हमखास मांडा. २०२१ मध्ये एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलपुढे (नोकरीच्या वादांतली अपिलं ऐकणारं न्यायालय) कंब्रियातल्या एका कम्युनिटी नर्सची केस होती, बाई ठरलेले दोन दिवस करायच्या, त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेच्या ट्रस्टने म्हटलं वेळा फ्लेक्सिबल करा, अधूनमधून वीकेंडही करा, मुलांमुळे त्यांना जमेना, नोकरी गेली. अपील ट्रिब्युनलने सांगितलं की मुलं सांभाळायचा भार अजून बायकांवरच जास्त असतो ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, दर वेळी आकडे आणून सिद्ध करत बसायला नको, आणि केस परत खालच्या ट्रिब्युनलकडे पाठवली. म्हणजे सगळ्यांना सारखाच नियम लावला तरी बायकांना तो जास्त जाचत असेल तर तो इक्वालिटी अॅक्ट २०१० खाली अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो. कंपनीला खरी गरज दाखवून तो योग्य ठरवता येतो, म्हणून प्रत्येक केस जिंकतेच असं नाही, पण 'बिझनेस नीड' हे दोन शब्द लिहून सुटका होत नाही एवढं नक्की. कुठली नीड, सोमवारी काय अडतंय, मंगळवारी का चालत नाही, हे विचारा.

मेलला उत्तर छोटं द्या. २०२३ ला हे दिवस ठरले होते, मला बदल मान्य नाही, कारण अमुक, भेटून बोलायचंय, आणि तोडगा निघेपर्यंत नवीन दिवसांना यावं लागलं तर मी 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे विरोध नोंदवून, येतेय. हा शब्द इंग्रजीत तसाच टाका, मोलाचा आहे. मीटिंगला जाताना एखादी तडजोड खिशात ठेवा, उदाहरणार्थ महिन्यातला एखादा सोमवार घरून. रागाच्या भरात राजीनामा मात्र तोंडावर फेकू नका, तो टाकून मग हक्क मागणं फार अवघड. नाहीच जमलं तर कंपनीकडे लेखी ग्रीव्हन्स, म्हणजे रीतसर तक्रार, मग एकासकडे (नोकरीतले वाद मिटवायला मदत करणारी सार्वजनिक संस्था) अर्ली कन्सिलिएशन, म्हणजे ट्रिब्युनलला जाण्याआधी समेटाचा प्रयत्न. एकासची हेल्पलाइन फुकट, ट्रिब्युनलला फी नाही, पण दावा लावायची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढीच धरून चाला, त्यामुळे कॅलेंडरवर खूण करा.

व्हिसाचं म्हणाल तर डिपेंडंट व्हिसा तुमच्या कंपनीला बांधलेला नाही, तो मिस्टरांच्या परवानगीशी जोडलेला. तुम्ही ग्रीव्हन्स टाकली म्हणून होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याला, काही कळवायचं नसतं, आणि नोकरी बदललीत तरी व्हिसा जागच्या जागी. मिस्टर स्वतः स्किल्ड वर्कर व्हिसावर असतील तर त्यांच्या तासांचं आणि पगाराचं प्रकरण वेगळं असतं, पण ते त्यांच्या नोकरीचं, तुमच्या मंगळवारचं नाही.