सून पुटपुटत नाही, भाऊ

(पत्र थोडक्यात: वय ६१. इचलकरंजीत ३० वर्षं यंत्रमागावर काम केलं. दोन वर्षांपासून दोन्ही कानांत रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, रात्री झोप लागत नाही. गोळ्यांनी फरक पडला नाही. मेंदूत काही बिघाड असेल का? घरात कुणाला काळजी नाही, सूनही हल्ली मुद्दाम पुटपुटत बोलते.)

भाऊ, रातकिड्यांवर दोन पानं लिहिलीत आणि सुनेला एका ओळीत निकालात काढलंत. मी त्याच ओळीवर अडकले. घरातला टीव्ही कोण मोठा करतं हो? नातवाला ‘परत सांग’ किती वेळा म्हणता?

ती पुटपुटत नाही. तुम्हाला ऐकू कमी येतंय.

धोट्यांच्या खडखडाटात आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. (मागावर कानांची फिकीर कोण करत होतं, ते मला ठाऊक आहे. त्यात तुमचा दोष नाही.) बहुधा आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. ‘सात’ आणि ‘हात’ वेगळे कळतात ते त्या वरच्या पट्टीमुळे. कुणी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते निसटतं. सुनेचा आवाज बारीक असेल तर संपलंच.

रातकिडेही बहुतेक तिथलेच. कानाकडून त्या पट्टीतलं काही येईना, की मेंदू स्वतःच आवाज वाढवत नेतो आणि स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी नुसती खरखर ऐकू येते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या १८ जणांनी सात दिवस एका कानात बोळा घातला. १४ जणांना नसलेले आवाज ऐकू आले! बोळा काढल्यावर ते गेले. तुमचा बोळा असा उपसून काढता येणार नाही. पण श्रवणयंत्रानं हरवलेले आवाज परत मिळाले की बऱ्याच जणांची ही किरकिर मागे पडते. सगळ्यांची नाही पडत, तरी सुनेचं बोलणं कळेल, तेवढं पुरे आहे.

याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. नव्या गोळ्या मागू नका, ‘मशीन लागेल का’ एवढं विचारा. आणि सुनेला सोबत न्या. एकच वाक्य तिला किती वेळा सांगावं लागतं, ते डॉक्टरांना तीच सांगू दे.