भावाने परस्पर विकलेली शेती

प्रश्न : चोपडा तालुक्यात वडिलांची स्वकष्टार्जित चार एकर केळीची बागायत होती. २०१२ मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. आई त्याआधीच गेली होती. भावाने वारस म्हणून केवळ स्वतःचे नाव लावून गेल्या वर्षी दोन एकर विकले. आम्ही एक भाऊ व दोन बहिणी आहोत. हे खरेदीखत रद्द होईल का?
– एक भगिनी, जळगाव जिल्हा

उत्तर : संपूर्ण खरेदीखत रद्द होईल, अशी अपेक्षा ठेवू नका. हिंदू वारसा कायद्यानुसार तुम्हा तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश वाटा आहे आणि सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून तो बुडत नाही, कारण सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा निर्णय नव्हे. भावाला स्वतःचा वाटा, म्हणजे सुमारे एक एकर तेरा गुंठे, विकता येत होता; त्यापुढचे सत्तावीस गुंठे मात्र तुम्हा बहिणींचे आहेत आणि तेवढ्यापुरते खरेदीखत तुम्हांवर बंधनकारक नाही.

प्रथम वारसनोंदीच्या फेरफाराची नक्कल काढा. त्याविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते, परंतु हक्काचा निकाल दिवाणी न्यायालयच देते. म्हणून भाऊ व खरेदीदार या दोघांना प्रतिवादी करून वाटपाचा दावा लावावा, मनाई हुकूम मागावा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींच्या सह्या साध्या कागदावर घेण्याची रीत आपल्याकडे आहे. अशा कागदाला घाबरू नका, शेतजमिनीचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते.