स्क्रोल सॉचं पातं सारखं सैल पडतं

प्रश्न: स्क्रोल सॉवर (बारीक उभ्या पात्याने लाकडात नक्षी कापायचं यंत्र) १८ मिमी सागवान कापताना पातं ताणूनही लगेच सैल होतं, काप तिरका जातो. काय करावं?

उत्तर: ताणाचा नॉब आणखी पिळू नका. पातं बहुधा क्लँपमधून, म्हणजे त्याची टोकं धरणाऱ्या पकडीतून, सरकतंय. बिनपिनच्या (टोकांना आडवी पिन नसलेल्या) नव्या पात्यावर तेलाचा पातळ थर असतो. यंत्राचा प्लग काढून पात्याची दोन्ही टोकं स्पिरिटने पुसा, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. क्लँपच्या स्क्रूचं टोक नीट बघा, ही जागा हमखास दुर्लक्षित राहते. ते झिजून गोल, गुळगुळीत झालं असेल तर कानशीने सपाट करा, नाहीतर स्क्रू बदला. मग ताण द्या: पातं छेडल्यावर उंच, खणखणीत सूर यावा, बोटाने बाजूला दाबल्यास ३ मिमीहून जास्त हलू नये. बारीक पात्याला कमी ताण पुरतो. आणि लाकूड रेटू नका, बोथट पातं वेळीच बदला. रेटल्यावर नीट ताणलेलं पातंही मागे वाकतं.