वाचकांचे प्रश्न : बायोसमधले १.३०० आणि लोडवरचे १.१९०

प्रश्न : माझा आठ कोअरचा अनलॉक्ड (गती वाढवता येणारा) प्रोसेसर मी सर्व कोअरवर ४.९ गिगाहर्ट्झला चालवतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, कोअर व्होल्टेज १.३०० व्होल्ट असे निश्चित केले आहे, मात्र स्ट्रेस टेस्ट (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) सुरू असताना मॉनिटरिंगमध्ये १.१९०च्या आसपास आकडा दिसतो आणि तापमान ८८ अंशांपर्यंत जाते. अर्ध्या तासाची टेस्ट विनातक्रार पार पडते, पण गेम दीड-दोन तास चालला की अचानक बंद होतो आणि एकदा ब्लू स्क्रीनही आली. याच मॉडेलला १.२५ पुरते असे अनेकजण सांगतात. मी व्होल्टेज आणखी वाढवावे का? आणि स्थिर व्होल्टेज शोधायचे तरी कसे?

उत्तर : तुम्ही दोन्ही आकडे लिहून पाठवले हे फार बरे केले, कारण तुमच्या अडचणीचे मूळ त्या दोन आकड्यांमधल्या अंतराशी निगडित आहे. बायोसमध्ये आपण जे भरतो ती केवळ मागणी असते. प्रोसेसर जसजसा जास्त विद्युतप्रवाह ओढतो तसतसे प्रत्यक्ष व्होल्टेज खाली येते. यालाच व्हीड्रूप म्हणतात आणि ती मुद्दाम केलेली रचना आहे. लोड-लाइनचा, म्हणजे प्रवाहानुसार व्होल्टेज किती उतरवायचे ते ठरवणाऱ्या रेषेचा, रोध १ मिलिओहम धरला आणि टेस्टमध्ये प्रवाह ११० अँपिअर धरला, तर घट ०.११० व्होल्टची होते, म्हणजे १.३००चे बरोबर १.१९० उरतात. तेव्हा तुमचा प्रोसेसर पूर्ण लोडवर १.३००वर नव्हे, तर १.१९०वर चालतो आहे. ज्याला १.२५ पुरते, त्याने तो आकडा बायोसमधला सांगितला की लोडवरचा, आणि लोड-लाइन कॅलिब्रेशन (ही घट कमी-जास्त करणारी बायोसमधली सोय) कोणत्या पातळीवर ठेवून सांगितला, हे कळल्याशिवाय त्या आकड्याची तुमच्याशी तुलनाच होऊ शकत नाही. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन चिप सारख्या नसतात. दुसऱ्याचे व्होल्टेज म्हणून फार तर सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यावे.

अर्ध्या तासात न दिसणारा दोष दोन तासांनी का दिसतो, याचे कारण बहुतेक वेळा उष्णता असते. केवळ प्रोसेसरची टेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असते. गेममध्ये तेही तापते, कॅबिनेटमधली हवा तापते, लिक्विड कूलर असेल तर त्यातला द्रव हळूहळू गरम होतो. तापलेल्या सिलिकॉनला त्याच गतीसाठी थोडे अधिक व्होल्टेज लागते. दुसरे कारण असे की गेमचा लोड सारखा नसतो. तो क्षणाक्षणाला चढतो-उतरतो, आणि प्रत्येक चढावर व्होल्टेज अगदी थोडा वेळ स्थिर पातळीच्याही खाली डुबकी मारते. ही डुबकी मायक्रोसेकंदांची असल्यामुळे कोणत्याही मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला ती दिसत नाही. काही बोर्डांवर तर सेन्सरचा आकडा १६ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनीच बदलतो, त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या तिसऱ्या दशांश स्थळावर फारसे विसंबू नये.

यावर लोड-लाइन कॅलिब्रेशन सर्वांत वरच्या पातळीवर नेऊन घट जवळपास शून्य करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच पटत नाही. लोड एकाएकी सुटतो तेव्हा व्होल्टेज उसळी मारते, आणि घट जितकी कमी ठेवावी तितकी ही उसळी ठरवलेल्या पातळीच्या वर जाते. मधली पातळी निवडावी, ती एकदा ठरली की बदलू नये आणि पुढचा सगळा शोध तिच्यावरच करावा.

आता शोधाचा क्रम. बहुतेकजण आधी गती ठरवतात आणि ती टिकेपर्यंत व्होल्टेज चढवत नेतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी आपला कूलर किती व्होल्टेज पेलतो ते ठरवावे, म्हणजे सर्वांत जड टेस्टमध्येही तापमान मर्यादेपासून दहा-बारा अंश खाली राहील असे व्होल्टेज शोधावे, आणि त्या व्होल्टेजला कोणती गती टिकते ते पाहावे. गतिमान वीजखप गतीच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उदाहरणार्थ, ४.८ गिगाहर्ट्झला लोडवर १.१५ व्होल्ट आणि ४.९ला १.२२ लागत असतील, तर दोन टक्के गतीसाठी सुमारे १५ टक्के उष्णता वाढते. तापमानासोबत वाढणारी विजेची गळती त्यात धरलेलीच नाही. टिकाऊपणाचाही विचार व्हायलाच हवा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये कोणतेही ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त गतीने चालवणे) न करता अस्थिरता आली, तेव्हा ऑगस्ट २०२४मधल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या अपडेटने) १.५५ व्होल्टपेक्षा जास्त व्होल्टेजच्या मागणीवर मर्यादा घातली. चढ्या व्होल्टेजने चिप लगेच जळत नाही. तिला त्याच गतीसाठी लागणारे किमान व्होल्टेजच हळूहळू वर सरकते, म्हणजे आज स्थिर असलेले यंत्र काही महिन्यांनी अस्थिर होऊ शकते.

शोध सुरू करण्यापूर्वी रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला जास्त वेगाने चालवणारे तयार सेटिंग) बंद करावे. तसे न केल्यास रॅमची चूक प्रोसेसरच्या माथी मारून आपण उगाच व्होल्टेज वाढवत बसतो. मग ठरवलेल्या व्होल्टेजला टिकणारी गती सापडली की व्होल्टेज ५ ते १० मिलिव्होल्टच्या पावलांनी उतरवत न्यावे आणि प्रत्येक पावलाला टेस्ट घ्यावी. टेस्ट एकाच प्रकारची नको. प्राइम९५ या टेस्ट प्रोग्रॅममधील लहान एफएफटी (एक प्रकारची गणिते) कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मेमरीत, मावतात आणि कोअरला जास्तीत जास्त तापवतात. मोठ्या एफएफटी मेमरी कंट्रोलरलाही कामाला लावतात. वाय-क्रंचर या दुसऱ्या टेस्ट प्रोग्रॅमचा लोड चढता-उतरता असल्यामुळे तो वर सांगितलेल्या डुबक्या उघड्या पाडतो. प्राइम९५चा गुण असा की ते स्वतःचे गणित तपासते. यंत्र व्यवस्थित चालू असते, माउस हलत असतो, आणि एका वर्करच्या (गणिते करणाऱ्या एका स्वतंत्र भागाच्या) खिडकीत ओळ येते की राउंडिंगची चूक ०.५ आली, अपेक्षा ०.४हून कमी होती. तो एक वर्कर थांबतो, बाकीचे चालूच राहतात. ही ओळ म्हणजे अपयशच आहे. तसेच विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाच्या) १९ क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. त्या दुरुस्त झालेल्या हार्डवेअर चुकांच्या असतात, आणि अशी एकही नोंद असेल तर ते व्होल्टेज स्थिर धरू नये.

याबाबत मी इतका आग्रही आहे त्याला कारण आहे. माझे एक यंत्र महिनाभर कधीही बंद न पडता चालले, आणि त्या काळात मी बनवलेली एक मोठी झिप फाइल नंतर उघडताना सीआरसी (फाइल शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) जुळत नसल्याचा संदेश आला. मूळ फाइल्स मी तोवर पुसल्या होत्या. म्हणून शोध पूर्ण होईपर्यंत त्या यंत्रावर महत्त्वाचे काम करू नये आणि बॅकअप घेऊ नये, तो आधीच घेऊन वेगळ्या डिस्कवर ठेवावा.

सर्व टेस्टमध्ये टिकणारे किमान व्होल्टेज सापडले की त्यावर १५ ते २५ मिलिव्होल्ट राखीव ठेवावेत. उन्हाळा, कूलरवर साचणारी धूळ आणि चिपचे वय यांसाठी ते लागतात. तुमच्या बाबतीत मी व्होल्टेज आहे तेच ठेवून मल्टिप्लायर (गती ठरवणारा गुणक) ४९वरून ४८वर, म्हणजे गती ४.८ गिगाहर्ट्झवर आणीन. ८८ अंशांवर असताना वर चढायला जागा उरलेली नाही.

प्रश्न : मी निश्चित व्होल्टेजऐवजी ऑफसेट (कारखान्याच्या व्होल्टेजमधून ठरावीक आकडा वजा करणे) वापरतो आणि तो उणे ०.०८० ठेवला आहे. सर्वांत जड टेस्ट आठ तास चालते, पण यंत्र रात्री नुसते चालू ठेवले की सकाळी गोठलेले आढळते. असे कसे होते?

उत्तर : ऑफसेट संपूर्ण व्होल्टेज-वक्रावर, म्हणजे प्रत्येक गतीला द्यायच्या व्होल्टेजवर, लागू होतो. वरच्या गतीला कारखान्याने बरीच मोकळीक ठेवलेली असते, म्हणून तिथे ०.०८० कमी झाले तरी चालते. मात्र निष्क्रिय अवस्थेतल्या कमी गतीला व्होल्टेज मुळातच थोडे असते आणि तिथे तेवढीच वजाबाकी जास्त ठरते. ऑफसेट उणे ०.०५०वर आणून पाहावा, किंवा बोर्डावर अॅडाप्टिव्ह पद्धत असेल आणि तिचा बदल केवळ टर्बो गतीपुरता लागू होत असेल, तर ती वापरावी. एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचा व्होल्टेज-वक्र खाली-वर करणारी सोय) वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते, कारण सर्व कोअरच्या जड टेस्टमध्ये एकेकटा कोअर आपल्या कमाल गतीला पोहोचतच नाही. तिथे कोअरसायकलर या प्रोग्रॅमने प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे तपासावा आणि जो चुकतो त्याच कोअरचा उणे आकडा दोन-तीन पायऱ्यांनी कमी करावा. सोबत एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये इफेक्टिव्ह क्लॉकवर, म्हणजे प्रत्यक्ष मिळणाऱ्या गतीवर, लक्ष ठेवावे. एखाद्या कोअरवर पूर्ण लोड असूनही तो आकडा दाखवलेल्या गतीच्या बराच खाली राहत असेल, तर व्होल्टेज अपुरे पडल्यामुळे प्रोसेसर घड्याळाचे ठोके ताणतो आहे असा बळकट संशय धरावा.