डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णाची काळजी घेताना बायकांवर खरंच जास्त ताण येतो, की पुरुष बोलून दाखवत नाहीत इतकंच?

दोन्ही खरं आहे, पण पहिलं जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात डिमेन्शियाच्या रुग्णांच्या काळजीचे सुमारे ७० टक्के तास बायका देतात. आपल्याकडे हा भार बहुधा बायको, सून किंवा मुलीवर येतो.

शिवाय काम कुठलं वाट्याला येतं हेही बघा. औषधं आणणं, बिलं भरणं, डॉक्टरकडे नेणं ही वेळ ठरवून उरकता येणारी कामं. ती बऱ्याचदा मुलगा करतो. अंघोळ घालणं, डायपर बदलणं, मध्यरात्री "मला घरी जायचंय" म्हणत दाराशी उभ्या राहिलेल्या सासूबाईंना समजावून झोपवणं, याला ना वेळ ना सुट्टी. आणि सकाळी डबे करायचेच असतात.

पिनक्वार्ट आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००६ मध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. स्त्रियांमध्ये ताण आणि नैराश्य जास्त आढळलं, पण फरक प्रचंड नव्हता. कामाचा बोजा आणि मिळणारी मदत हिशेबात धरल्यावर तो आणखी कमी झाला. त्यामुळे "बायका फार मनाला लावून घेतात" हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

बायकोला एकट्याने सांभाळणारे नवरेही खचतात, आणि मदत मागणं त्यांना जड जातं.

तुमच्या घरी हे सगळं वहिनी करत असतील, तर "काही लागलं तर सांगा" एवढ्यावर थांबू नका. आठवड्यातल्या काही रात्री भावाने किंवा तुम्ही पूर्णपणे अंगावर घ्या.